डॉक्टर थॉमस वेल्च आणि प्रभुभोजनाचा प्याला

प्रभुभोजनाच्या मेजावर भाकर आणि प्याला मांडलेला असतो. भाकर कोठून आली हें विचारण्याची गरज कोणास पडत नाहीं. ती मंडळींतील एखाद्या घरीं भाजलेली असते. परंतु प्याल्यांत काय असावें हा प्रश्न खेड्यांतील मंडळ्यांस पुष्कळदां पडतो. आपल्या मराठी शास्त्रांत द्राक्षारस हा एकच शब्द आपण वाचतों. ताजा पिळलेला गोड रस आणि आंबून कैफ आणणारें मद्य, या दोहोंसही तो लागू पडतो, आणि त्यामुळें विचारी मनुष्य घोटाळ्यांत पडतो. कांहीं मंडळ्यांत मनुका पाण्यांत भिजवून, उकळून, गाळून तो रस वापरतात. कांहीं मंडळ्या शहरांतून बाटली आणवितात. त्या बाटलीचा इतिहास आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. ती प्रथम अमेरिकेंतील एका दांतांच्या वैद्यानें आपल्या घरच्या चुलीवर तयार केली. ती त्यानें पैशासाठीं नव्हे, तर प्रभूच्या मेजासाठीं भरली. पुढें ती विकण्याचा त्याचा यत्न फसला, आणि आपण हरलों असें मानून त्यानें तो नाद सोडला. तरी आज दुकानांत फळांचा रस बाटल्यांतून मिळतो, त्या मोठ्या व्यापाराचा अमेरिकेंतील पाया तीच बाटली होय. त्या गृहस्थांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देतों.

थॉमस ब्रॅमवेल वेल्च यांचा जन्म ३१ डिसेंबर १८२५ रोजीं इंग्लंडांत सोमरसेट परगण्यांतील ग्लॅस्टनबरी येथें झाला. ते लहान असतांना, १८३४ सालीं, त्यांचें कुटुंब अमेरिकेस गेलें व न्यू यॉर्क संस्थानांतील वॉटरटाऊन येथें राहिलें. त्या काळीं अमेरिकेच्या दक्षिण भागांत लाखों काळे लोक गुलाम होते. बाजारांत गुरें विकावीं तशीं माणसें विकलीं जात. ख्रिस्ती मंडळ्यांतही याविषयीं एकमत नव्हतें. १८४३ सालीं कांहीं मेथडिस्ट लोकांनीं वेगळें होऊन वेस्लियन मेथडिस्ट नांवाची मंडळी स्थापिली. गुलाम बाळगणें जसें पाप, तसेंच दारू गाळणें, विकणें व पिणें हेंही ख्रिस्ती मनुष्यास शोभत नाहीं, असा तिचा दंडक होता. तरुण थॉमस या मंडळीस मिळाले. धन्याच्या जुलमास कंटाळून जे गुलाम पळून येत, त्यांस लपवून ठेवून रातोरात कॅनडाच्या सरहद्दीकडे पोहोंचविण्याचें काम तेथील कित्येक विश्वासू लोक गुप्तपणें करीत. कायद्यानें तो अपराध होता. या कामांत थॉमस यांनींही हात घातला होता.

विशीच्या आंतच ते उपदेशक झाले व न्यू यॉर्क संस्थानांतील मंडळ्यांची सेवा करूं लागले. परंतु थोड्याच वर्षांत त्यांच्यावर असा प्रसंग आला, कीं ज्याचें दुःख आमचे उपदेशक बंधु तेव्हांच जाणतील. त्यांचा आवाज गेला. घसा साथ देईना, आणि व्यासपीठावरून बोलणें अशक्य झालें. ज्यानें सुवार्ता सांगण्यास आपलें आयुष्य वाहिलें, त्याचा कंठच बसला, तर त्यानें काय करावें? थॉमस हातपाय गाळून बसले नाहींत. त्यांनीं वैद्यकी शिकण्यास आरंभ केला, आणि पुढें दांतांची वैद्यकी हाच आपला धंदा केला. १८५६ च्या सुमारास ते मिनेसोटा संस्थानांतील विनोना या गांवीं गेले, आणि तेथून पुढें न्यू जर्सी संस्थानांतील व्हाइनलंड येथें येऊन स्थायिक झाले.

व्हाइनलंड हें गांव १८६१ सालीं चार्ल्स लॅन्डिस नांवाच्या गृहस्थानें मुद्दाम वसविलें होतें. तेथें द्राक्षांचे मळे व्हावे अशी त्याची इच्छा होती, म्हणून द्राक्षवेलीवरूनच त्यानें गांवास नांव दिलें. त्याबरोबरच गांवांत दारू विकूं नये असाही निर्बंध होता. डॉक्टर वेल्च यांस याहून मनाजोगें ठिकाण कोठें मिळावें? तेथील मेथडिस्ट मंडळींत प्रभुभोजनाची सिद्धता करण्याचें काम त्यांजकडे आलें, आणि या कामानेंच त्यांस पेंचांत टाकलें. ज्या गांवांत दारूचें दुकान नाहीं, ज्या मंडळींत दारूस स्पर्श करूं नये अशी शिकवण, त्याच मंडळीच्या मेजावर आंबलेलें मद्य त्यांस आपल्या हातानें ओतावें लागे. अशी एक गोष्ट सांगण्यांत येते, कीं त्यांच्या घरीं उतरलेल्या एका पाहुण्यास पूर्वीं दारूचें व्यसन होतें; प्रभुभोजनाच्या प्याल्यानें त्याची जुनी तहान जागी झाली व तो पुन्हा पिऊं लागला. ही गोष्ट जशीच्या तशी घडली असो वा नसो, तींतील संकट खरें आहे. जो मनुष्य मोठ्या कष्टानें दारूच्या पाशांतून सुटला, त्यास तिच्या वासाचेंही भय असतें. आमच्या मंडळ्यांत असे भाऊ आहेत, आणि त्यांच्या बायकामुलांस तें भय त्यांच्याहून अधिक आहे.

मग ताजा रस कां वापरूं नये, असें कोणी विचारील. अडचण हीच होती, कीं तो ताजा राहत नसे. आमच्या वाचकांस हें समजण्यास नीरेचें उदाहरण पुरे आहे. पहांटे झाडावरून उतरलेली नीरा गोड व निरुपद्रवी असते. ऊन चढूं लागलें कीं तिला फेंस येतो, आणि दुपारपर्यंत तीच ताडी होते. द्राक्षांचें असेंच आहे. द्राक्षाच्या सालीवर व भोंवतालच्या हवेंत खमिराचे अतिसूक्ष्म जीव असतात. रस निघाला कीं ते त्यांतील साखर खाऊं लागतात. साखरेचें मद्य होतें व वायु सुटतो. बूच घट्ट बसविलें, तर त्या वायूनें बाटलीच फुटते. द्राक्षांचा हंगाम वर्षांतून थोडे आठवडे, आणि प्रभुभोजन मात्र बारमास. याकरितां लोकांस वाटे, कीं मद्यावांचून गत्यंतर नाहीं.

याच सुमारास फ्रान्स देशांत लुई पाश्चर नांवाचे प्रख्यात शास्त्रज्ञ, मद्य नासून आंबट कां होतें याचा शोध करीत होते. नासण्याचें कारण सूक्ष्म जीव होत, आणि मद्य बेताच्या उष्णतेनें कांहीं वेळ तापविलें असतां ते जीव मरतात व माल टिकतो, हें त्यांनीं १८६० नंतरच्या वर्षांत सिद्ध केलें. पाश्चर यांस मद्य चांगलें ठेवावयाचें होतें. डॉक्टर वेल्च यांनीं त्याच ज्ञानाचा उपयोग उलट हेतूनें केला. जी उष्णता मद्यास नासूं देत नाहीं, ती रसाचें मद्यही होऊं देणार नाहीं, हें त्यांच्या ध्यानांत आलें.

१८६९ सालच्या हंगामांत त्यांनीं, त्यांची पत्नी ल्यूसी यांनीं व १७ वर्षांचा मुलगा चार्ल्स यानें घराजवळच्या मांडवावरून सुमारें ४० पौंड द्राक्षें तोडलीं. तीं थोडा वेळ शिजवून कापडाच्या पिशव्यांतून रस पिळून काढला, तो बाटल्यांत भरला, बूच व लाख लावून बाटल्या बंद केल्या, आणि मग त्या बाटल्याच पाण्यांत ठेवून उकळल्या. नंतर फक्त वाट पाहावयाची होती. दिवस गेले, आठवडे गेले; एकही बाटली फुटली नाहीं. आंत रस होता तसाच गोड होता.

हीं द्राक्षें कॉंकर्ड जातीचीं होतीं. आपल्या नाशिक व सांगली भागांतील द्राक्षांची साल पातळ असते आणि तीं सालीसकट खातात. कॉंकर्डाची साल जाड, रंग गर्द जांभळा व वास उग्र असतो. ही जात मॅसेच्युसेट्स संस्थानांतील कॉंकर्ड गांवीं एफ्रेम बुल नांवाच्या माळ्यानें निवडून काढिली. थंडी पडण्यापूर्वीं पिकेल असें द्राक्ष मिळावें म्हणून त्यानें हजारों रोपें वर्षानुवर्षें लाविलीं, आणि १८४९ सालीं त्यांतील एका वेलावर हवें तें फळ त्यास मिळालें. १८५३ सालीं त्यानें तें लोकांपुढें मांडिलें. परंतु इतरांनीं त्याच्या वेलाचीं कलमें करून पैसा मिळविला, आणि बुल १८९५ सालीं दारिद्र्यांत वारला. ज्या वेलाच्या फळांनीं वेल्च यांची बाटली भरली, तो वेल लावणाराही आपल्या श्रमाचें फळ न भोगतांच गेला.

डॉक्टर वेल्च यांनीं आपल्या मालास न आंबविलेला द्राक्षारस अशा अर्थाचें नांव दिलें, आणि आसपासच्या मंडळ्यांस तो घेण्याविषयीं विनविलें. त्यांस वाटलें, पाळक मंडळी हर्षानें पुढें येतील. तसें झालें नाहीं. कित्येकांस ही नवी टूम वाटली. वाडवडिलांच्या वेळेपासून मेजावर असलेली वस्तु एका दांतांच्या वैद्याच्या सांगण्यावरून कां बदलावी, असें त्यांचें म्हणणें पडलें. फारच थोड्या बाटल्या खपल्या. सुमारें ४ वर्षें यत्न करून १८७३ च्या सुमारास डॉक्टरांनीं तो उद्योग सोडला व ते पुन्हा दांतांच्या धंद्याकडे वळले.

यापुढील त्यांचें आयुष्य आळसांत गेलें नाहीं. दांत भरण्याच्या धातूंचा व वैद्यांस लागणाऱ्या सामानाचा त्यांनीं व्यापार केला. इंग्रजी भाषेचें अवघड शुद्धलेखन सोपें करण्याची एक पद्धतिही त्यांनीं रचिली. आफ्रिकेंतील मिशनकार्याचें एक मासिक वेल्च पितापुत्रांच्या नांवानें व्हाइनलंड येथून प्रसिद्ध होत असे. त्याचे संपादक बिशप विल्यम टेलर हे होते. हेच टेलर साहेब १८७१ च्या सुमारास मुंबईस आले होते, आणि मुंबई व पुणें येथील मेथडिस्ट मंडळ्यांचा आरंभ त्यांच्या उपदेशापासून झाला.

इकडे चार्ल्स मोठा झाला. तोही बापाप्रमाणें दांतांचा वैद्य झाला होता. परंतु लहानपणीं स्वयंपाकघरांत पिळलेला तो रस त्याच्या मनांतून गेला नव्हता. १८७५ च्या सुमारास त्यानें तो उद्योग पुन्हा हातीं घेण्याचें ठरविलें. वडिलांचें मत याविरुद्ध होतें. ज्यांत आपण एकदां पोळलों त्यांत मुलानें हात घालूं नये, पोट भरणारा धंदा सोडूं नये, असा उपदेश त्यांनीं त्यास केला. बापाचें हें बोलणें मायेचें होतें. पण या एका बाबतींत मुलगाच बापाच्या मूळ विश्वासास अधिक धरून राहिला. दिवसा दांत काढावे व उरलेल्या वेळांत रस विकावा, असें त्यानें कित्येक वर्षें केलें. ख्रिस्ती वर्तमानपत्रांत त्यानें जाहिराती दिल्या. १८८० सालीं अमेरिकेंतील मेथडिस्ट मंडळीच्या सर्वसाधारण सभेनें, शक्य असेल तेथें प्रभुभोजनास न आंबविलेला रसच वापरावा असें ठरविलें, आणि मंडळ्यांकडून मागणी वाढूं लागली.

पुढें १८९० च्या सुमारास चार्ल्सनें नांवांतील मद्याचा शब्द काढून टाकिला व साधें द्राक्षांचा रस असें नांव ठेविलें. या लहानशा फरकानें हा रस चर्चच्या मेजावरून घरच्या मेजावर आला. १८९३ सालीं शिकागो येथें जगांतील सर्व देशांचें मोठें प्रदर्शन भरलें होतें. तेथें हजारों लोकांनीं तो चाखून पाहिला. त्याच वर्षीं चार्ल्सनें दांतांचा धंदा कायमचा सोडला. व्हाइनलंडच्या मळ्यांवर रोग पडून द्राक्षें कुजूं लागलीं होतीं, यास्तव त्यानें आपला कारखाना न्यू यॉर्क संस्थानांत हालविला, आणि १८९७ सालीं ईरी सरोवराजवळील वेस्टफील्ड येथें पहिल्याच हंगामांत सुमारें ३०० टन द्राक्षांचा रस काढला. वडिलांच्या मांडवावरील ४० पौंडांपासून ही मजल २८ वर्षांनीं गांठली.

हा रस दुकानांत कसा येतो हेंही येथें सांगितलें पाहिजे, कारण रीत मोठी झाली तरी मूळ कृति तीच आहे. द्राक्षें तोडल्यावर तीं आंबूं लागण्यापूर्वीं त्वरेनें कारखान्यांत आणतात. देंठ काढून तीं चेंगरतात व सुमारें ६० अंशांपर्यंत तापवितात. त्यामुळें सालींतील रंग रसांत उतरतो. मग दाबयंत्रांत पिळून रस गाळतात, पुन्हा क्षणभर अधिक तापवून तांतडीनें थंड करितात, आणि बंद टाक्यांत थंडींत सांठवितात. टाक्यांत क्षाराचे बारीक खडे तळाशीं बसतात व रस निवळतो. पूर्वीं यासाठीं कांचेचे मोठे बुधले तळघरांत ओळीनें ठेवीत. शेवटीं तो पुन्हा तापवून गरम असतांच बाटल्यांत भरतात, झांकण लावितात, चिठ्ठी डकवितात व खोक्यांत घालून आगगाडीनें किंवा मोटारींतून दूरदूरच्या दुकानांस धाडितात. कित्येकदां ओझें कमी व्हावें म्हणून रसांतील पाणी आटवून तो दाट करितात, आणि बाटल्या भरण्याच्या ठिकाणीं तितकें पाणी पुन्हा घालतात. सर्व रहस्य दोनच गोष्टींत आहे: आंतील जीव उष्णतेनें मारावे, आणि बाहेरचे आंत येऊं देऊं नयेत. म्हणूनच बाटली एकदां उघडली कीं तो रस थंड जागीं ठेवून थोड्या दिवसांत संपवावा लागतो. नाहींतर हवेंतील खमीर आपलें काम पुन्हा सुरू करितें. आमच्या पाळकांस येथेंच एक सूचना करितों. दुकानांत मिळणारें प्रत्येक जांभळें पेय द्राक्षांचा रस नसतें. कित्येकांत पाणी, साखर व सुगंध यांचाच भरणा असतो. यास्तव चिठ्ठी वाचूनच बाटली घ्यावी.

डॉक्टर वेल्च २९ डिसेंबर १९०३ रोजीं फिलाडेल्फिया शहरीं देवाघरीं गेले. ७८ वर्षें पुरीं होण्यास दोनच दिवस उरले होते. मुलाचा कारखाना भरभराटलेला त्यांनीं पाहिला; परंतु पुढील कित्येक गोष्टी त्यांच्या पश्चात् घडल्या. १९१३ सालीं अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनीं ब्रिटिश वकिलाच्या निरोपाच्या मेजवानींत मद्याऐवजीं द्राक्षांचा रस वाढला. वर्तमानपत्रांनीं त्यांची थट्टा केली, पण त्या थट्टेनेंच रसाचें नांव घरोघर झालें. १९१४ सालीं अमेरिकेच्या आरमारी जहाजांवर मद्य बंद झालें. १९२६ सालीं चार्ल्सही वारला. कंपनी दुसऱ्यांच्या हातीं गेली, आणि १९५६ सालीं एक विशेष गोष्ट घडली: जे शेतकरी कारखान्यास द्राक्षें घालीत, त्यांच्या सहकारी संघानेंच ती कंपनी विकत घेतली. ज्यांनीं वेल वाढविला तेच कारखान्याचे मालक झाले. एफ्रेम बुल यास जें मिळालें नाहीं, तें त्याच्या वेलाची निगा राखणाऱ्यांस मिळालें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

प्रिय वाचकहो, प्याल्यांत काय असावें याविषयीं सर्व ख्रिस्ती लोकांचें एक मत नाहीं. पुष्कळ जुन्या मंडळ्या आंबलेला द्राक्षारसच वापरतात, आणि त्या तसें भक्तीनेंच करितात. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. डॉक्टर वेल्च यांच्या चरित्रांत आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें निराळेंच आहे. मंडळींतील सर्वांत दुबळ्या भावाचा विचार करून त्यांनीं तो प्याला भरला. धडधाकट मनुष्यास त्या एका घोंटानें कांहीं झालें नसतें. पण मेज धडधाकटांसाठींच मांडलेलें नसतें. दुसरें असें, कीं त्यांचा आवाज गेला तरी त्यांची सेवा गेली नाहीं. जो उपदेश त्यांस व्यासपीठावरून करतां आला नाहीं, तो त्यांच्या हातांनीं केला. आणि तिसरें, आपला यत्न व्यर्थ गेला असें ज्यास त्यांनीं म्हटलें, तोच त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत फलद्रूप यत्न ठरला. तो व्यर्थ नव्हता हें त्यांच्या मुलानें ओळखलें, त्यांनीं स्वतः ओळखलें नाहीं.

आमच्या खेड्यांत असे कितीतरी सेवक आहेत, कीं ज्यांनीं रात्रशाळा चालविली व ती बंद पडली, दारूबंदीची सभा काढली व ती मोडली, आणि आतां ते म्हणतात कीं आमच्या हातून कांहीं झालें नाहीं. त्यांनीं व्हाइनलंडच्या त्या मांडवाची आठवण करावी. त्या सभेच्या वेळीं कोपऱ्यांत एखादें १७ वर्षांचें पोर बसलें असेल, आणि त्यानें सर्व कांहीं पाहून ठेविलें असेल.